कृपया पाहावे

आमच्या साहेबांना सगळं ऑफिस 'पाहावेसाहेब' म्हणायचं. अर्थात पाठीमागे. त्यांच्याकडे कुठलाही मेल येवो, ग्राहकाची तक्रार, मालकांची सूचना किंवा कँटीनवाल्याचा रजेचा अर्ज, त्यावर 'कृपया पाहावे' एवढे दोन शब्द लिहून ते तो पुढे पाठवायचे. पुढे म्हणजे माझ्याकडे. मी पाहायची, उत्तर लिहायची, त्यांच्याकडे पाठवायची. ते खाली सही ठोकून वर धाडायचे. माणूस वाईट नव्हता हो. कधी ओरडले नाहीत, कुणाची रजा अडवली नाही. फक्त वाचण्याचा त्यांना मनापासून कंटाळा होता.

आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. लिफ्ट बनवणारे वेगळे, बसवणारे वेगळे, बंद पडली की शिव्या खायला आम्ही. एका लांबट खोलीत आमचा सेवा विभाग. भिंतीवर शहरातल्या इमारतींचा नकाशा, त्याखाली टेबलं, टेबलांवर फोन. लिफ्टमधलं लाल बटण कुणी दाबलं की फोन माझ्या टेबलावर वाजतो. अडकलेला माणूस आधी चिडतो, मग विनवतो, मग नुसता श्वास घेत राहतो. त्याला बोलतं ठेवायचं, 'दार ढकलू नका, मेकॅनिक निघालाय' असं सांगायचं आणि तिकडे चहा पीत बसलेल्या मेकॅनिकला खरोखर निघायला लावायचं, हे माझं काम. खोलीच्या टोकाला काचेची केबिन आणि तिच्यात विभागप्रमुखाची खुर्ची. उंच पाठीची, हात टेकायला गुबगुबीत. ती मला हवी होती. उगाच आढेवेढे कशाला घ्या? त्या खुर्चीचं काम मीच करत होते. मग पाठ तेवढी माझ्या मोडक्या खुर्चीत का मोडून घ्यायची?

एक दिवस दुपारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, मी तंत्रज्ञान व्यवस्थापनात मास्टर्स करतोय," ते म्हणाले.

"अभिनंदन, साहेब."

"म्हणजे, आपण करतोय."

साहेबांनी समजावून सांगितलं. वर्ग ऑनलाइन, संध्याकाळी. कॅमेरा बंद ठेवलेला चालतो, कारण सगळे विद्यार्थी मोठ्या हुद्द्यावरचे, कुणी गाडीत असतो, कुणी विमानतळावर. नाव पुकारलं की नुसतं 'हजर' टाइप करायचं. परीक्षा नाही, गृहपाठ आणि शेवटी एक प्रबंध.

"आणि तुम्ही काय करणार, साहेब?"

"मी आहेच की. एकूण देखरेख माझी." मग ते पुढे झुकले आणि खुर्चीच्या हातावर थोपटत म्हणाले, "ही डिग्री झाली की मालक मला वर घेतायत, संचालक म्हणून. मी वर गेलो की ही खुर्ची कुणाची?"

थोपटलं खुर्चीला, पण झोपले मी. दुसऱ्या दिवसापासून साहेबांच्या नावाने वर्गात बसायला लागले.

घरी जेवणाच्या टेबलावर माझा वर्ग भरायचा. नवऱ्याने हेडफोन आणून दिला, तो सासूबाईंनी काढायला लावला. त्यांना ऐकायचं होतं. समोर बसून त्या भाजी निवडायच्या आणि प्राध्यापकांना उत्तरं द्यायच्या. प्राध्यापकांचा आवाज गोड आणि बोलणं असं गुळगुळीत की पकडायला गेलं तर हातातून निसटायचं.

"तंत्रज्ञान म्हणजे माणूस, प्रक्रिया आणि साधन यांचा त्रिकोण," ते म्हणाले.

"त्या त्रिकोणात काम कोण करतं ते विचार गं त्याला," सासूबाई म्हणाल्या.

पुढचा धडा होता अधिकार सोपवण्याचा. आपलं काम दुसऱ्यावर सोपवून स्वतः मोकळं राहणं हीच नेतृत्वाची खूण, असं प्राध्यापक सांगत होते. सासूबाईंनी निवडलेली भाजी, चाळणी आणि सुरी माझ्याकडे सरकवली. "धर. मी आता नेतृत्व करते," म्हणाल्या आणि टीव्ही लावायला गेल्या. मी एका हाताने भाजी चिरत दुसऱ्या हाताने टिपणं काढली.

मग आमचे गट पडले. गटात पाच जण, पाचही बडे अधिकारी. गटाची पहिली बैठक लागली तेव्हा माझी पाचावर धारण बसली. बोलायचं कसं? नाव साहेबांचं आणि आवाज माझा. म्हणून मी टाइप केलं, 'माझा माइक बिघडला आहे.' लगेच दुसऱ्याने लिहिलं, 'माझाही.' तिसऱ्याचा कालपासून बंद, चौथ्याचा दुरुस्तीला टाकलेला. तंत्रज्ञानाचं व्यवस्थापन करायला निघालेल्या पाच जणांत एकाचाही माइक धड नव्हता. तासभर आम्ही मुक्यासारखे टाइप करत बसलो. तेवढ्यात टायर कारखान्याच्या अधिकाऱ्याचा माइक चुकून चालू राहिला आणि स्पष्ट ऐकू आलं, "आई, हळू बोल ना. मी इथे साहेब आहे."

मग मीच माइक लावला आणि म्हणाले, "घाबरू नका, मीही साहेबच आहे." पाचही माइक पटापट दुरुस्त झाले. एक बँकेतल्या मॅडमची सहायक, एक औषध कंपनीतला, एक विम्यातला, आणि हा टायरवाला. सगळ्यांना कुठली ना कुठली खुर्ची कबूल केलेली. आम्ही पोट धरून हसलो आणि मग खरंच अभ्यासाला लागलो. कारण कामं आम्हालाच येत होती आणि ती पुढे ढकलायला आमच्यातल्या कुणाकडे दुसरं कुणी नव्हतं.

प्रबंधासाठी मी विषय घेतला लिफ्टच्या दारांचा. आमच्या मालकांनी नुकतंच एक भारीतलं सॉफ्टवेअर घेतलं होतं. लिफ्ट बंद पडण्याआधीच ते सांगणार, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. ते बिचारं दिवसभर मोटारीला कान लावून बसायचं आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगायचं. इकडे माझा फोन थांबत नसे. कारण लिफ्ट मोटारीमुळे कमी आणि दारामुळे जास्त अडकते. दाराखालच्या खोबणीत वाळू, खिळा, कुणाच्या खेळण्याचं चाक. दार मिटता मिटता अडतं आणि यंत्र घाबरून थांबतं. अडकलेली माणसं फोनवर स्वतःच सांगतात, 'दार अर्धं मिटलं, पुन्हा उघडलं, मग अंधार.' वर्षानुवर्षं मी ऐकत होते. तेच सगळं नीट मांडलं. सॉफ्टवेअरने आधी दाराकडे बघावं आणि मेकॅनिकने आधी ब्रश मारावा, असं लिहिलं.

प्राध्यापकांचा निरोप आला, 'उत्तम. परंतु मनुष्यबळविषयक शिफारशींचे प्रकरण राहिले आहे.' मुदत संपत आली होती, घरात सासूबाईंचा गुडघा सुजलेला, आणि मला मनुष्यबळावर काय लिहावं ते सुचेना. मास्तरला गोड लागेल असं काहीतरी द्यावं म्हणून खरडलं, 'सेवा विभागप्रमुख पदावर तंत्रज्ञान व्यवस्थापनातील पदव्युत्तर पदवी असलेल्या व्यक्तीचीच नेमणूक व्हावी.' मास्तर एवढे खूश झाले की त्या प्रकरणाला सगळ्यात जास्त गुण दिले आणि समासात चक्क 'वा' लिहिलं.

सादरीकरणाला मात्र साहेब स्वतः गेले. मी केलेल्या स्लाइड त्यांनी खणखणीत आवाजात वाचल्या. कुणी प्रश्न विचारला की म्हणायचे, "यावर माझी टीम काम करते आहे." नेतृत्वगुणासाठी त्यांना पैकीच्या पैकी मिळाले. वर्गात पहिले आले. ऑफिसात पेढे... नाही, खोटं कशाला सांगू, बिस्किटं वाटली. मालकांनी त्यांना वर घेतलं आणि मी मनातल्या मनात त्या खुर्चीची उंची माझ्या पायाला बरोबर करून घेतली.

आठवडा गेला, महिना गेला. खुर्ची रिकामी. शिपायाने तिच्यावर प्लास्टिक घातलं. शेवटी मी वरच्या मजल्यावर साहेबांच्या नव्या दालनात गेले.

"साहेब, खुर्चीचं काय झालं?"

"अहो मॅडम, मला तुम्हीच हव्या होतात. पण आता नियम आड येतोय. त्या पदाला मास्टर्स लागते."

"नियम? कधी झाला? कुणी केला?"

साहेबांना खरंच आश्चर्य वाटलं. "माझ्या प्रबंधात आहे ना. शेवटचं प्रकरण. मालकांना फार आवडलं, लगेच लागू केलं. तुम्ही वाचला नाहीत?"

जिन्याने खाली आले. लिफ्टने यायची हिंमत नव्हती, मध्येच अडकले असते तर फोन उचलायला मीच टेबलावर नव्हते. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारे पुष्कळ पाहिलेत, पण टाइप करून, दुरुस्त्या करून, दुसऱ्याच्या नावाने स्वतःच्या पायावर मारून घेणारी मी पहिलीच असेन. काम मात्र माझ्याकडेच राहिलं. 'तात्पुरता कार्यभार' म्हणतात त्याला. केबिनमधल्या संगणकावरचे विभागप्रमुखाचे मेल मला यायला लागले, खुर्चीवरचं प्लास्टिक तसंच.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, सोड नोकरी. सासूबाई म्हणाल्या, "सोडते कशाला? तोंडपाठ आहे ना तुला सगळं? मग तूच घे ती डिग्री. एकदा दुसऱ्याच्या लग्नात वाढलंस, आता स्वतःच्या लग्नात जेव."

घेतला प्रवेश. या खेपेला स्वतःच्या नावाने. पहिल्याच दिवशी हजेरी चालू झाली. तोच गोड आवाज, तीच नावं पुकारायची पद्धत. एक नाव दोनदा पुकारलं गेलं आणि कुणी उत्तरच देईना. मी मनात म्हटलं, कोण हा ठोंब्या, पहिल्या दिवशीच झोपलाय. मास्तर 'गैरहजर' म्हणून पुढे गेले तेव्हा समोर बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, तुझंच नाव होतं ते." दोन वर्षं साहेबांच्या नावाला हजर म्हणून म्हणून माझ्या कानाला माझंच नाव परकं झालं होतं. मला रडू आलं. राग त्याहून जास्त आला.

वर्ग तोच, धडे तेच. फरक एवढाच की आता मास्तर मधूनमधून साहेबांचं उदाहरण द्यायचे. लिफ्टच्या दारांवरचा त्यांचा प्रबंध म्हणजे व्यवस्थापनाच्या दृष्टीचा नमुना आहे, सगळ्यांनी वाचावा. एकदा मी दारांविषयी प्रश्न विचारला तर म्हणाले, "आपण त्या प्रबंधाचा अभ्यास करा, म्हणजे विषय समजेल." सासूबाईंनी टेबलावरून लाटणं उचललं होतं. मी ते काढून घेतलं.

प्रबंधाची वेळ आली तेव्हा दुसरा विषय घ्यायला हवा होता, मला कळत होतं. पण का घ्यावा? दारं माझी, फोन माझे, ऐकलं मी. मी नव्याने लिहिलं, पुढच्या दोन वर्षांतले फोन त्यात घातले, ते मनुष्यबळाचं प्रकरण तेवढं गाळलं आणि देऊन टाकलं. नक्कल पकडणाऱ्या सॉफ्टवेअरने मला लगोलग पकडलं. लिफ्टचं सॉफ्टवेअर बहिरं, आणि हे मेलं एवढं तिखट कानाचं. चौकशी समितीपुढे हजर राहण्याचं बोलावणं आलं. नक्कल ठरली तर प्रवेश रद्द, पुन्हा कधी प्रवेश नाही. म्हणजे खुर्चीही गेली.

त्याच आठवड्यात टायरवाल्याचा फोन आला. "ताई, वाईट बातमी आहे. तुमच्या मालकांनी त्या जागेची जाहिरात दिलीय. आमच्या साहेबांनी अर्ज केलाय. डिग्री आहे ना त्यांच्याकडे."

"डिग्री तुझी आहे," मी म्हटलं.

"माहितीय. मुलाखतीची तयारीही मीच करून घेतोय त्यांच्याकडून. अजून लिफ्ट म्हणजे काय इथपर्यंतच आलोय."

समितीच्या खोलीत एक लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या आणि दात वाजतील इतका गारवा. मधोमध अध्यक्षबाई, करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. एका बाजूला आमचे गोड आवाजाचे मास्तर, दुसऱ्या बाजूला बाहेरून आलेले एक तज्ज्ञ, ते बिस्किटं खात होते. आणि मूळ लेखक म्हणून बोलावलेले आमचे साहेब, नव्या सुटात. मास्तरांनी उठून त्यांचं स्वागत केलं. मला उभं ठेवलं होतं, मग कुणीतरी खुर्ची दाखवली.

साहेबांचं मन मोठं. ते आपणहून म्हणाले, "मॅडम आमच्याच आहेत. माझ्या हाताखाली तयार झाल्या. माझं ऐकून ऐकून त्यांच्या तोंडात बसलं असेल. मुद्दाम नसेल केलं. माझी काही तक्रार नाही, त्यांना माफ करावं."

चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण चोराने मालकालाच माफ केल्याचं पहिल्यांदा पाहिलं. कानशिलं तापली माझी. सगळं सांगून टाकावं असं वाटलं. पण सांगितलं असतं तर दुसऱ्याच्या नावाने वर्गात बसल्याचा गुन्हा माझ्याही माथी आला असता. मी मूग गिळून बसले.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "माफीचं नंतर बघू. पद्धतीप्रमाणे एक प्रश्न मूळ लेखकांना विचारायचा असतो, नोंदीसाठी. तुमच्या प्रबंधात लिहिलंय की सॉफ्टवेअरने मोटारीऐवजी आधी दाराकडे लक्ष द्यावं. हे तुम्हाला कशावरून कळलं?"

साहेबांनी मान डोलावली. प्रश्न चांगला आहे अशी ती डोलावणी, ती मला ओळखीची होती. मग त्यांनी अगदी सहज, ऑफिसात रोज करायचे तसं, मान माझ्याकडे वळवली आणि म्हणाले, "मॅडम, सांगा."

उत्तर माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. अर्धं मिटलेलं दार, अंधार, माणसांचे आवाज, सगळं. इतक्या वर्षांत साहेबांनी 'सांगा' म्हटलं आणि मी सांगितलं नाही असं झालं नव्हतं. मी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"मी कसं सांगणार, साहेब?" मी म्हटलं. "मी तर नक्कल केलीय. मूळ लेखक तुम्ही."

साहेब आधी हसले, मग त्यांनी टायची गाठ चाचपली. मग ते नुसतेच श्वास घेत राहिले. तो श्वास मी ओळखत होते, रोज फोनवर ऐकते. दार ढकलू नका, मेकॅनिक निघालाय, असं सांगायची मला सवय आहे. मी सांगितलं नाही.

"यावर माझी टीम काम करते आहे," साहेब म्हणाले.

"हे तुम्ही दोन वर्षांपूर्वी लिहिलंय," अध्यक्षबाई म्हणाल्या.

साहेबांनी प्रबंधाचं ते पान हातात घेतलं, वरून खाली पाहिलं आणि मास्तरांच्या पुढे सरकवलं. "सर, हे आपणच कृपया पाहावं."

मास्तरांनी पानाला हात लावला नाही. पहिला नंबर त्यांनी दिलेला, समासातला 'वा' त्यांचा. हा माणूस लेखक नाही असं ठरलं तर उद्या मागच्या वर्गातल्या सगळ्यांचे माइक तपासावे लागले असते. अध्यक्षबाईंनी एकदा साहेबांकडे, एकदा मास्तरांकडे आणि मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं. आता या बाई बोलतील असं मला वाटलं, खरंच वाटलं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "बाहेर बसा."

बाहेर बाकावर बसले. आतून एकदा हसण्याचा आवाज आला. कारकुनाने येऊन निर्णय सांगितला. माझा निकाल राखीव.

"म्हणजे पास की नापास?"

"राखीव."

"किती दिवस राखीव?"

"राखीव म्हणजे राखीव, बाई," तो म्हणाला आणि कुलूप शोधायला लागला.

हुशारीच म्हणायची. नापास केलं तर मी बोलेन, पास केलं तर नक्कल पास केल्यासारखं होईल. तेव्हा तिसऱ्याच खोलीत मला बंद करून टाकलं. पांढऱ्या केसांची होईपर्यंत मी राखीव राहिले असते आणि तोवर टायरच्या साहेबांनी माझ्या खुर्चीत बसून लिफ्ट म्हणजे काय ते माझ्याकडूनच शिकून घेतलं असतं.

घरी आले ती काही न खाता टेबलाशी बसले. सासूबाईंनी विचारलं, "मग एवढं शिकून काहीच नाही का उपयोग झाला?"

मी विचार केला. एकाच डिग्रीला दोनदा बसले होते, उपयोग व्हायलाच हवा होता. आणि एक गोष्ट मी पक्की शिकले होते. शीर्षक लांब असलं आणि पहिल्या पानावर त्रिकोण असला की दुसरं पान कुणी उलटत नाही.

मी लॅपटॉप उघडला. मालकांच्या नावे प्रस्ताव लिहिला. विषय, 'सेवा विभागातील मनुष्यबळ-तंत्रज्ञान समन्वयाच्या सुलभीकरणाची दिशा.' पहिल्या पानावर त्रिकोण काढला, माणूस, प्रक्रिया, साधन. त्यानंतर पंधरा पानं मास्तरांच्या भाषेत, अशी की लिहिताना माझीच मान पेंगली. आणि शेवटच्या पानावर साध्या मराठीत दोन वाक्यं. विभागप्रमुख पदासाठी मास्टर्सची अट रद्द करावी. सध्या कार्यभार सांभाळणाऱ्या व्यक्तीला पदावर कायम करावं. लपवलं काहीच नाही हो. खाली माझं नाव होतं, मोठ्या अक्षरात. वाचायचं त्याने वाचावं.

सकाळी प्रस्ताव मालकांकडे गेला. मालकांनी तो संचालकांकडे पाठवला, 'आपल्या अभिप्रायासाठी.' संचालक म्हणजे आमचे साहेब. साहेबांनी तो संबंधित विभागप्रमुखाकडे पाठवला. विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी, तात्पुरता कार्यभार माझ्याकडे. जेवणाच्या सुट्टीआधी माझाच प्रस्ताव माझ्या पुढ्यात परत आला. वर दोन शब्द होते, 'कृपया पाहावे.'

मी पाहिला. अगदी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिला, कारण कुणीतरी वाचायला हवं होतं. एका ठिकाणी चूक सापडली, ती दुरुस्त केली. मग खाली लिहिलं, 'पाहिले. अट रद्द करण्यास व कार्यभार सांभाळणाऱ्या व्यक्तीस कायम करण्यास हरकत नाही. मान्यतेची शिफारस.' आणि साहेबांकडे परत पाठवलं. दुपारच्या चहापर्यंत त्यांची सही झाली. साहेबांची सही दिसली म्हणून मालकांनीही केली. बाहेरच्या उमेदवाराची मुलाखत रद्द झाल्याचं पत्र गेलं. टायरवाल्याने फोन करून सांगितलं की त्याच्या साहेबांना जरा हायसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी शिपायाने खुर्चीवरचं प्लास्टिक काढलं. मी बसले. पाय खाली टेकत नव्हते, मग दांडी ओढून उंची कमी केली. सासूबाईंना फोन केला, त्या म्हणाल्या, पाठ टेकून बस, काठावर बसू नकोस. तेवढ्यात काचेवर टकटक झाली आणि साहेब आत आले. हातात नेमणुकीच्या आदेशाची प्रत होती. पुढे न सरकवता कागद हातात धरलेलं त्यांना मी पहिल्यांदाच पाहिलं. कुणीतरी वाचून दाखवला असावा.

"अभिनंदन, मॅडम. मला आनंदच आहे," ते म्हणाले, आणि कागद उलटा करून पुन्हा सुलटा केला. "पण हे कळत नाही. ती अट होती ना, मास्टर्सची. माझ्या प्रबंधातली. ती रद्द कुणी केली?"

"तुम्हीच केलीत, साहेब," मी म्हटलं. "खाली सही आहे तुमची. वाचलं नाहीत?"